अथेन्सचें स्टेडियम आणि त्याचें द्वार

अथेन्स शहराचें नांव निघालें कीं सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें प्रथम उभी राहते ती ॲक्रोपोलिसची टेकडी, तिच्यावरील पार्थेनॉन नांवाचें भग्न देऊळ, आणि भर बाजारांत उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला प्रश्न विचारणारा सॉक्रेटिस. हें चित्र खोटें नाहीं. पण तें अर्धें आहे. ज्या शहरानें बुद्धीला शिस्त लावली त्याच शहरानें शरीरालाही शिस्त लावली होती, आणि हीं दोन्ही कामें तें पुष्कळदां एकाच ठिकाणीं करीत असे. म्हणून अथेन्सला जाणाऱ्या प्रवाशानें टेकडीवरून खालीं उतरल्यावर एक दिवस या दुसऱ्या अथेन्ससाठीं राखून ठेवावा. देवळांचें अथेन्स पाहण्यास डोळे पुरतात. हें दुसरें अथेन्स पाहण्यास पाय लागतात.

शहराच्या मध्यभागीं राज्यघटनेचा चौक आहे. तेथून राष्ट्रीय उद्यानाच्या सावलींतून पायीं थोडें चाललें कीं झापिऑन नांवाची खांबांची भव्य इमारत लागते, आणि तिच्या पलीकडे हमरस्ता ओलांडतांच दोन टेकड्यांच्या कुशींत बसलेलें एक पांढरेंशुभ्र क्रीडांगण एकदम दृष्टीस पडतें. याचें नांव पॅनाथिनाइक स्टेडियम. अथेन्सकर मात्र त्याला कौतुकानें 'कल्लिमार्मरो', म्हणजे सुंदर संगमरवराचें, असें म्हणतात. श्रोत्यांनीं लांब ओढलेला घोड्याचा नाल मनापुढें आणावा, म्हणजे या क्रीडांगणाचा आकार ध्यानांत येईल. दोन लांब बाजू आणि त्यांना जोडणारें एक वळण यांवर संगमरवरी बैठकींच्या ओळी एकीवर एक चढत गेल्या आहेत. दगड पेंटेलिकस पर्वताचा. पार्थेनॉनही त्याच पर्वताच्या दगडाचें आहे. चवथी बाजू मात्र मोकळी आहे. त्या बाजूनें एके काळीं इलिसॉस नदी वाहत असे. आज ती रस्त्याखालीं गाडली गेली आहे. सुमारे ४५ हजार माणसें येथें बसूं शकतात.

ही मोकळी बाजू हेंच या स्थळाचें द्वार. त्यांतून आंत पाऊल टाकण्याचा अधिकार कोणाला, आणि कोणाला नाहीं, या एका प्रश्नाभोंवतीं अथेन्सच्या क्रीडापरंपरेचा अडीच हजार वर्षांचा इतिहास फिरत आला आहे. तो प्रश्न मनांत ठेवून जो हें शहर पाहील त्याला येथील दगड बरेंच कांहीं सांगतील.

मुळांत येथील सामने दगडांत नव्हे, तर देवीच्या उत्सवांत जन्मले. अथीना ही नगरदेवता. तिचा उत्सव दरवर्षीं ऐन उन्हाळ्यांत भरे, आणि दर चवथ्या वर्षीं तो विशेष थाटानें साजरा होई. या मोठ्या उत्सवास मैदानी सामन्यांची जोड इ. स. पू. ५६६ च्या सुमारास मिळाली असें मानतात. नगरांतील स्त्रियांनीं व कुमारिकांनीं विणलेलें नवें वस्त्र मिरवणुकीनें देवीस अर्पण करावयाचें, बळी द्यावयाचे, आणि त्यासोबत धांवणें, कुस्ती, मुष्टियुद्ध, रथांच्या शर्यती, गायनवादनाच्या चढाओढी, असा कित्येक दिवसांचा सोहळा चाले. महाराष्ट्रांतील गांवोगांवच्या जत्रांत देवदर्शन आणि कुस्त्यांचा फड हीं दोन्ही एकाच दिवशीं उरकतात. त्याच जातीची ही गोष्ट. कांहीं प्रकार मोठे थरारक होते. एकांत चिलखत घातलेला योद्धा दौडत्या रथांतून खालीं उडी टाकी आणि रथाबरोबर धांवे. दुसऱ्यांत शहराबाहेरील अकॅडेमीच्या उपवनांतून पेटती मशाल धांवत नगरांत आणावयाची असे. आणि जो पुढें आला पण ज्याची मशाल विझली, त्याचा विजय मानीत नसत. वेग पाहिजे, पण ज्योत राखून पाहिजे, असा त्या शर्यतीचा अर्थ होता.

ऑलिंपियाच्या विजेत्यास जंगली ऑलिव्हच्या डहाळीचा मुकुट एवढेंच बक्षीस मिळे. अथेन्सचा व्यवहार थोडा निराळा होता. येथें देवीच्या पवित्र ऑलिव्ह वृक्षांचें तेल मोठाल्या रंगीत घड्यांत भरून देत. घड्याच्या एका अंगावर ढालभाला घेतलेली अथीना आणि 'अथेन्सच्या सामन्यांतील बक्षीस' या अर्थाचीं अक्षरें. दुसऱ्या अंगावर ज्या खेळाचें तें बक्षीस त्या खेळाचें चित्र. एका घड्यांत सुमारे ३५ ते ४० लिटर तेल मावे. इ. स. पू. चवथ्या शतकांतील एका शिलालेखांत बक्षिसांची यादी कोरलेली आहे. तींत मुलांच्या धांवण्याच्या शर्यतींत पहिल्या आलेल्यास ५० घडे आणि दोन घोड्यांच्या रथाच्या शर्यतींत पहिल्यास १४० घडे तेल देण्याचें लिहिलें आहे. एवढें तेल कोणतेंही कुटुंब स्वतः खाऊन संपवूं शकत नाहीं. तें विकलें जाई. अर्थात् खेळाडूनें निव्वळ मानासाठीं खेळावें आणि धनाला शिवूं नये, ही कल्पना प्राचीन ग्रीकांच्या माथीं मारणें बरोबर नाहीं. असले घडे आज अथेन्सच्या राष्ट्रीय पुराणवस्तुसंग्रहालयांत आणि जगांतील अनेक मोठ्या संग्रहालयांत जपून ठेवलेले आढळतात. त्यांवरील काळ्या रंगांत काढलेले धांवपटू, हात पसरून, गुडघे उचलून, आजही तसेच धांवत आहेत.

पण उत्सव चार वर्षांतून एकदां. रोजचा सराव कोठें होत असे? त्यासाठीं शहराच्या तटाबाहेर, वृक्षांच्या सावलींत आणि पाण्याच्या सोईनें, तीन मोठ्या तालमी होत्या: अकॅडेमी, लायसियम आणि किनोसार्गिस. पहिलीं दोन नांवें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल, कारण आज तीं विद्येचीं नांवें झालीं आहेत. परंतु विद्येपूर्वीं तेथें कुस्ती होती. प्लेटोनें आपली शाळा अकॅडेमीच्या तालमीशेजारीं थाटली, ॲरिस्टॉटलनें लायसियममध्यें आपले शिष्य जमविले, आणि अँटिस्थेनिस हा तत्त्ववेत्ता किनोसार्गिसमध्यें शिकवीत असे. तरुण मंडळी अंगाला तेल चोळून, माती अंगावर घेऊन, लढून, नहाऊन ओसरीवर टेकत. आणि तेथेंच न्याय म्हणजे काय, मैत्री म्हणजे काय, असे प्रश्न त्यांच्यापुढें टाकले जात. आखाडा आणि पाठशाळा यांच्यांत भिंत नव्हती. इ. स. १९९६ मध्यें नव्या इमारतीसाठीं जमीन खणतांना लायसियमच्या कुस्तीच्या वाड्याचे अवशेष शहराच्या ऐन वस्तींत सांपडले, आणि २०१४ पासून तें स्थान लोकांस पाहण्यास खुलें झालें. तेथें गेल्यावर दिसतात ते फक्त चौकाचे व खोल्यांचे पाये आणि स्नानाच्या जागा. तरी त्या पायांवरून चालतांना, जगाच्या विचारांतील किती मोठा भाग तालमीच्या मातींत उगवला, हें उमगल्यावांचून राहत नाहीं.

मात्र या तालमींचें दार सर्वांस उघडें नव्हतें. सोलनच्या नांवावर सांगितला जाणारा एक जुना कायदा असा होता कीं गुलामानें तालमींत व्यायाम करूं नये. स्त्रियांचा तर प्रश्नच निघत नसे. किनोसार्गिसची तालीम ज्यांचे आईबाप दोघेही अस्सल अथेन्सकर नव्हेत अशांसाठीं, म्हणजे अर्धवट परक्यांसाठीं होती. थेमिस्टोक्लिस हा पुढें सालॅमिसच्या समुद्रांत इराणच्या बादशहाचें आरमार बुडविणारा पुरुष. त्याची आई परदेशीय असल्यामुळें त्याला याच तालमींत जावें लागे. प्लूटार्कनें त्याची एक युक्ति नोंदविली आहे. थेमिस्टोक्लिसनें कुलीन घराण्यांतील तरुणांचें मन वळवून त्यांना आपल्याबरोबर किनोसार्गिसमध्यें व्यायामास नेण्याचा परिपाठ पाडला, आणि उच्च व नीच असा जो भेद त्या दारावर उभा होता तो अशा रीतीनें बोथट केला. दार आंतून उघडत नसेल तर बाहेरच्या अंगणालाच प्रतिष्ठा द्यावी, असा हा मुत्सद्देपणा होता.

आतां पुन्हां स्टेडियमकडे वळूं या. या दरींत प्रथम सपाट मैदान तयार केलें तें लायकर्गस या अथेन्सच्या कारभाऱ्यानें, इ. स. पू. ३३० च्या सुमारास. त्या वेळीं प्रेक्षक बहुशः मातीच्या उतारावरच बसत. पुढें चार शतकांहून अधिक काळानें, रोमन साम्राज्याच्या अमलांत, हेरोडीस ॲटिकस नांवाच्या अत्यंत श्रीमंत गृहस्थानें सबंध क्रीडांगण संगमरवरानें मढवून काढलें. इ. स. १४४ च्या सुमारास हें काम पुरें झालें. पण वैभव आलें तेव्हां आंतला खेळ बदलला होता. रोमन काळांत येथें प्राण्यांच्या आणि माणसांच्या झुंजी होऊं लागल्या. नागरिक खेळत होता तो आतां बसून पाहूं लागला. इ. स. चवथ्या शतकाच्या अखेरीस जुन्या देवतांचे उत्सव राजाज्ञेनें बंद पडले, आणि उत्सवाबरोबर सामनेही गेले. मग संगमरवराची राखण कोण करणार? शतकानुशतकें लोकांनीं तो काढून नेला, भट्टींत भाजला आणि त्याचा चुना केला. जेथें हजारों माणसें बसत तेथें गवत उगवलें.

एकोणिसाव्या शतकांत ग्रीस तुर्की सत्तेपासून स्वतंत्र झाला, तेव्हां हें जुनें वैभव परत आणावें अशी ऊर्मि कांहीं ग्रीकांच्या मनांत उठली. त्यांपैकीं एव्हान्जेलिस झाप्पास हा रुमानियांत शेतीव्यापारानें गब्बर झालेला व्यापारी. त्याच्या देणगींतून इ. स. १८५९ मध्यें अथेन्सच्या एका चौकांत ऑलिंपिक या नांवानें सामने झाले. म्हणजे पिएर द कूबेर्तँ या फ्रेंच सरदारानें जगाचे ऑलिंपिक सामने सुरू करण्यापूर्वीं ३७ वर्षें अथेन्सनें आपल्यापुरता प्रयत्न करून पाहिला होता. झाप्पास पुढें वारला. त्याच्या पैशांतूनच स्टेडियमची जागा खणली गेली आणि झापिऑनची इमारत उभी राहिली. त्याच्या इच्छेनुसार त्याचें शिर त्या इमारतीच्या भिंतींत ठेवलेलें आहे. आज तिच्यासमोरून जाणाऱ्या शेंकडों प्रवाशांना याची दादही नसते.

इ. स. १८७० मध्यें याच दरींत पुन्हां सामने भरले. सुमारे ३० हजार प्रेक्षक आले. सामने चांगले पार पडले, आणि नेमकी तेथेंच माशी शिंकली. विजेत्यांत अंगमेहनतीवर पोट भरणारी माणसें होतीं. हातांवर घट्टे पडलेले लोक विद्याविभूषित तरुणांच्या बरोबरीनें मैदानांत उतरावेत आणि जिंकावेत, हें शहरांतील कांहीं प्रतिष्ठितांना रुचलें नाहीं. परिणाम असा झाला कीं १८७५ च्या सामन्यांत विद्यार्थिवर्गासच उतरण्याची मुभा ठेवली. सोलनच्या काळचा अडसर नव्या वेषांत परत आला. ते सामने फसले, लोकांनीं त्यांकडे पाठ फिरविली, आणि त्यानंतर वीस वर्षें मैदान जवळजवळ मुकेंच राहिलें.

इ. स. १८९४ मध्यें पॅरिस येथील परिषदेंत कूबेर्तँच्या पुढाकारानें आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक सामने सुरू करण्याचें ठरलें आणि पहिला मान अथेन्सला मिळाला. पण ग्रीसच्या सरकारची तिजोरी आदल्याच वर्षीं दिवाळखोर झाली होती. तेव्हां अलेक्झांड्रियाचा ग्रीक व्यापारी जॉर्ज ॲव्हेरॉफ यानें ९ लाख २० हजार ड्रॅक्मा देऊं केले, आणि ॲनास्टासिओस मेटाक्सास या वास्तुकारानें हेरोडीसच्या क्रीडांगणाच्या पायांवरच नवें क्रीडांगण उभारण्यास आरंभ केला. वेळ इतका थोडा होता कीं कांहीं बैठका लांकडाच्याच ठेवाव्या लागल्या. ॲव्हेरॉफचा पुतळा आज त्या मोकळ्या बाजूशीं उभा आहे. ६ एप्रिल १८९६ रोजीं सामन्यांस आरंभ झाला. सुमारे १४ देशांचे २४० च्या आसपास खेळाडू आले होते. पहिल्यास रुप्याचें पदक आणि ऑलिव्हची डहाळी, असा बक्षिसाचा बेत होता. सोन्याचीं पदकें पुढच्या काळांतलीं.

ग्रीक प्रेक्षकांची मात्र निराशा होत चालली. थाळीफेक हा तर ग्रीकांच्या पूर्वजांचा खेळ, पण तोही रॉबर्ट गॅरेट या अमेरिकन तरुणानें जिंकला. आतां सर्वांची आशा एका शर्यतीवर खिळली. मिशेल ब्रेआल या फ्रेंच पंडितानें सुचविलेली ती नवीच शर्यत होती: मॅरेथॉनच्या रणभूमीपासून अथेन्सपर्यंत सुमारे ४० किलोमीटर. मॅरेथॉनवर इ. स. पू. ४९० मध्यें इराणी फौजेचा पाडाव झाल्याची बातमी घेऊन एक दूत अथेन्सपर्यंत धांवत आला आणि विजय सांगतांच गतप्राण झाला, ही कथा सर्वांच्या ओठांवर होती. इतिहासाच्या दृष्टीनें ती डळमळीत आहे. लढाईनंतर जेमतेम अर्ध्या शतकानें लिहिणाऱ्या हिरोडोटसनें फिडिपिडीस हा अथेन्सहून स्पार्टाकडे मदत मागण्यास धांवत गेला एवढेंच सांगितलें आहे. मरणाची हकीकत प्लूटार्क व लूसियन या शेंकडों वर्षांनंतरच्या लेखकांत आढळते. परंतु लोकांच्या मनाला धांवावयास लावणारी शक्ति पुराव्यापेक्षां कथेंत अधिक असते, हेंही तितकेंच खरें.

१० एप्रिल रोजीं दुपारीं १७ जण मॅरेथॉनहून सुटले. चार परदेशी, बाकीचे ग्रीक. प्रथम फ्रान्सचा लेर्म्यूझिओ पुढें होता. चढावर तो गळाला. मग ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक पुढें आला; तोही शेवटच्या टप्प्यांत कोसळला. इकडे स्टेडियममध्यें हजारों माणसें श्वास रोधून त्या मोकळ्या बाजूकडे पाहत होतीं. एक स्वार दौडत आंत आला आणि ग्रीक पुढें आहे अशी वार्ता त्यानें राजाला दिली. थोड्या वेळानें धुळीनें माखलेला, उन्हानें रापलेला एक सडपातळ पुरुष द्वारांतून आंत शिरला. तो स्पिरिडॉन लुइस, मारूसी या जवळच्या गांवचा. बापलेक मिळून अथेन्सला पिण्याचें पाणी पोंचविण्याचा त्यांचा धंदा होता. दोन राजपुत्र खालीं उतरून त्याच्या दोन्ही बाजूंनीं धांवूं लागले. वेळ भरली २ तास ५८ मिनिटें ५० सेकंद. ज्या मैदानांत वीस वर्षांपूर्वीं कष्टकऱ्याला मज्जाव झाला होता, तेथें एका पाणक्यानें साऱ्या राष्ट्राची लाज राखिली, आणि त्याला आडवें येण्याची कोणाचीही छाति झाली नाहीं. त्यानंतर तो पुन्हां शर्यतींत उतरला नाहीं; आपल्या गांवींच राहिला आणि १९४० मध्यें वारला.

या विजयोत्सवाच्या दुसऱ्याच दिवशीं त्याच वाटेनें आणखी एक व्यक्ति धांवत निघाली. तिचें नांव स्टॅमाटा रेव्हिथी. गरीब, कडेवर लहान मूल असलेली बाई. आदल्या दिवशीं पुरुषांबरोबर धांवण्याची तिची विनंति नाकारली गेली होती. ११ एप्रिलला सकाळीं ती एकटीच मॅरेथॉनहून निघाली. निघण्यापूर्वीं तिनें गांवच्या शाळामास्तरांची व अधिकाऱ्यांची सही घेऊन ठेवली, म्हणजे पुढें कोणी खोटें म्हणूं नये. सुमारे साडेपांच तासांनीं ती अथेन्सला पोंचली. पण स्टेडियमच्या द्वारांतून तिला आंत येऊं दिलें नाहीं. तिची दौड बाहेरच संपली. त्यानंतर तिचें काय झालें याचा इतिहासांत ठावठिकाणा लागत नाहीं. एका पाणक्यासाठीं उघडलेलें द्वार चोवीस तासांच्या आंत एका आईसाठीं बंद झालें.

मॅरेथॉनची शर्यत मात्र अथेन्सपुरती राहिली नाहीं, आणि तिचा धागा मराठी मुलुखापर्यंत येऊन पोंचला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत अनवाणी पायांनीं धांवणारे खेडवळ तरुण पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनांत हिंदी खेळाडूंना ऑलिंपिकला धाडण्याचें आलें, आणि १९२० मध्यें अँटवर्प येथें जो हिंदी संघ गेला त्यांत बेळगांवचा फडेप्पा चौगुले हा मॅरेथॉनसाठीं होता. त्यानें ती शर्यत २ तास ५० मिनिटांच्या सुमारास पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. अथेन्सच्या पाणक्यानें उघडलेल्या वाटेनें बेळगांवचा धांवपटू गेला. त्या वाटेवर कुळ विचारण्यास कोणी उभें नव्हतें.

स्त्रियांना मात्र ऑलिंपिकमध्यें मॅरेथॉन धांवण्यासाठीं १९८४ पर्यंत थांबावें लागलें. आणि २००४ मध्यें जेव्हां ऑलिंपिक सामने पुन्हां अथेन्सला भरले, तेव्हां एक मोठा न्याय घडला. त्या वर्षींची मॅरेथॉन प्राचीन रणभूमीवरून निघून याच संगमरवरी स्टेडियममध्यें संपावयाची होती. २२ ऑगस्टच्या संध्याकाळीं त्या मोकळ्या बाजूनें सर्वांत पुढें आंत आली ती जपानची मिझुकी नोगुची, २ तास २६ मिनिटें २० सेकंदांत. रेव्हिथीला ज्या उंबऱ्यावरून परत जावें लागलें तो उंबरा १०८ वर्षांनीं एका स्त्रीनें सर्वांच्या टाळ्यांत ओलांडला. त्याच सामन्यांत भारताचे तिरंदाजही या मैदानावर नेम धरून उभे राहिले होते, आणि शहराबाहेर मार्कोपुलो येथील नेमबाजीच्या मैदानावर राज्यवर्धनसिंह राठोड यानें भारताला रौप्यपदक मिळवून दिलें.

२००४ च्या त्याच सामन्यांनीं अथेन्सला एक कडू धडाही दिला. सरकारी हिशेबानें त्यांवर सुमारे ९ अब्ज युरो खर्च झाले. नवी ट्राम, नवे रस्ते, वाढलेली भुयारी आगगाडी, हे लाभ शहरानें आजवर उपभोगले आहेत, आणि ते नाकारणें अन्यायाचें होईल. पण त्याचबरोबर ज्या खेळांची ग्रीसमध्यें संवयच नव्हती त्यांच्यासाठींही भव्य मैदानें बांधलीं गेलीं. जुन्या विमानतळाच्या जागीं, हेलिनिकॉन येथें, हॉकी, बेसबॉल, सॉफ्टबॉल आणि खळाळत्या पाण्यांतील नौकांच्या शर्यती यांचीं क्रीडांगणें उभीं राहिलीं. सामने सरतांच त्यांपैकीं कित्येकांना कुलुपें लागलीं. पुढें देशावर कर्जाचें संकट कोसळलें. जलाशय सुकले, बैठकींतून गवत आलें, आणि २०१५ नंतर तेथील कांहीं इमारतींत युद्धांतून पळून आलेल्या निर्वासितांना आसरा द्यावा लागला. मारूसीच्या मुख्य स्टेडियमला लुइसचें नांव दिलेलें आहे. त्यावरील प्रसिद्ध पोलादी छताच्या सुरक्षिततेविषयीं शंका आल्यामुळें तेंही २०२३ मध्यें कांहीं काळ बंद ठेवावें लागलें. संगमरवरी स्टेडियमचा चुना होण्यास शतकें लागलीं. या नव्या मैदानांवर गवत उगवण्यास दहा वर्षेंही पुरलीं.

या दोन्ही गोष्टींचें मूळ एकच आहे. रोमन काळीं वैभव वाढलें, पण खेळणारे पाय कमी झाले. नव्या काळीं इमारती वाढल्या, पण त्यांत रोज येणारे पाय नव्हते. दगड असो कीं पोलाद असो, ज्या द्वारांतून दररोज माणूस आंत जात नाहीं तें द्वार एक दिवस गंजतें. जीं शहरें अशा सामन्यांचा मान आपल्या पदरांत पडावा म्हणून आज धडपडत आहेत त्यांनीं अथेन्सच्या या दोन्ही बाजू पाहाव्या. किती हजारांची बैठक बांधावी हा प्रश्न सोपा आहे. सामने संपल्यानंतरच्या सोमवारीं सकाळीं तेथें कोण धांवेल, हा खरा प्रश्न आहे.

संगमरवरी स्टेडियमपुरतें या प्रश्नाचें उत्तर समाधानकारक आहे. माफक तिकीट काढून प्रवासी आंत जाऊं शकतो आणि इच्छा असल्यास स्वतः एक फेरी धांवूंही शकतो. पहारेकरी अडवीत नाहीं. वळणाशीं दोन तोंडांचा एक प्राचीन दगडी स्तंभ आहे, एका अंगास तरुण मुख, दुसऱ्या अंगास दाढी असलेलें प्रौढ मुख. डोंगराच्या पोटांतून जाणाऱ्या जुन्या भुयाराच्या टोकास निरनिराळ्या ऑलिंपिकच्या मशाली मांडून ठेवल्या आहेत, कारण ऑलिंपियाला पेटविलेली ज्योत यजमान शहराच्या हवालीं करण्याचा सोहळा याच मैदानांत होतो. अथेन्सचे रहिवासी येथें आणि वरच्या टेकडीवरील झाडींत नित्य धांवावयास येतात. आणि दरवर्षीं नोव्हेंबरमध्यें मॅरेथॉन गांवाहून हजारों स्त्रीपुरुष निघतात, त्या लढाईंत पडलेल्या १९२ अथेन्सकरांच्या समाधीच्या टेकाडाजवळून जातात, कित्येक किलोमीटरचा दीर्घ चढ चढतात, आणि शेवटीं या पांढऱ्या नालांत येऊन थांबतात. कोणी साडेतीन तासांत, कोणी सहा तासांत.

त्या दिवशीं त्या मोकळ्या बाजूशीं उभें राहावें. आंत येणाऱ्यांत शिक्षक असतात, शिंपी असतात, आजोबा असतात, मुलांच्या आया असतात. नाना देशांचे, नाना वर्णांचे लोक असतात. गुलाम कोण, परका कोण, कष्टकरी कोण, स्त्री कोण, हें तेथें कोणी विचारीत नाहीं. विचारतात तें एवढेंच, कीं पाणी हवें का. जो प्रश्न सोलनच्या काळीं तालमीच्या दाराशीं उभा होता त्याला उत्तर मिळण्यास अडीच हजार वर्षें लागलीं. अथेन्सचा क्रीडेचा वारसा तो हाच. आणि तो संगमरवरापेक्षां टिकाऊ ठरावयाचा असेल तर हें द्वार असेंच उघडें राहिलें पाहिजे.